गाडीवर मागे बसले होते, मला भरपाई मागता येईल का?

वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“मी सातारा जिल्ह्यात राहते, वय ३४. घरून डबे आणि पोळ्या करून देते. कॉलेजची मुलं, दोन-तीन ऑफिसं असं गिऱ्हाईक आहे. सगळा खर्च जाऊन महिन्याला साधारण १२,००० रुपये हातात उरायचे. मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर ज्योतिबाला गेलो होतो. परत येताना, हायवेला लागण्याआधीच्या एका फाट्यावर आडव्या रस्त्यानं आलेल्या मालवाहू टेम्पोनं आम्हाला ठोकलं. मिस्टरांना खरचटलं, माझं उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन करून प्लेट बसवली. मी आत ऑपरेशनला असताना टेम्पोचा मालक आला, २०,००० रुपये दिले आणि मिस्टरांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की आमची काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही. पोलिसांनाही मिस्टरांनी तसाच जबाब दिला, म्हणून गुन्हा दाखल झाला नाही. मिस्टर म्हणतात, चूक आपलीही होती, वळताना इंडिकेटर दिला नव्हता. मीही हेल्मेट घातलं नव्हतं. दवाखान्याचा बराचसा खर्च त्यांच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून निघाला. सासूबाई म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. टेम्पोवालाही माणूस वाईट नाही, दोनदा फोन करून विचारपूस केली. पण चार महिने झाले तरी हाताला जोर नाही. कणीक मळता येत नाही. पोळ्यांना बाई लावली आहे, तिला महिन्याला ५,००० द्यावे लागतात. मला काही मागायचा हक्क आहे का, की हे प्रकरण आता संपलं?”

ताई,

प्रकरण संपलेलं नाही. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल, तर तुमचा दावा उभा राहतो आणि चांगला उभा राहतो. पण वेळ थोडा उरला आहे, म्हणून आधी तारखेचं बोलू.

रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागायची असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल २०२२ पासून हा अर्ज अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असा नियम लागू झाला. तुमचा अपघात मार्चअखेरचा, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुदत संपते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. हे कळलं की लोक निवांत होतात. तुम्ही होऊ नका. अंतरिम आदेश हा अंतिम निकाल नसतो. तुमच्या हातात दोन महिने आहेत, ते वापरा.

आता हक्क आहे की नाही ते बघू. माझ्याकडे अपघाताची कागदपत्रं घेऊन कोणी आलं की मी तीन गोष्टी बघते. दुसऱ्या कुणाच्या हयगयीमुळे हे झालं का? त्यातून खरोखर काय नुकसान झालं? आणि या दोन्ही गोष्टी दाखवता येतील का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर बाकीचे प्रश्न रकमेचे असतात.

हयगय कुणाची? टेम्पो आडव्या रस्त्यानं आला. मुख्य रस्त्यावरच्या वाहतुकीला आधी जाऊ द्यायचं, फाट्यावर वेग कमी करायचा, ही त्याची जबाबदारी होती. तो न थांबता घुसला असेल तर त्याची चूक आहेच. तुमच्या यजमानांनी वळताना इंडिकेटर दिला नसेल तर थोडी चूक त्यांचीही धरली जाईल. पण ताई, गाडी तुम्ही चालवत नव्हता. इंडिकेटरचं बटण तुमच्या हाताखाली नव्हतं. दोन गाडीवाल्यांच्या चुकीनं तिसऱ्या माणसाला इजा झाली, तर त्या तिसऱ्या माणसाला दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ सालच्या खेन्येई खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. कुणाचा वाटा किती, हे त्या दोघांनी, म्हणजे खरं तर त्यांच्या विमा कंपन्यांनी, आपापसात बघायचं. यजमानांनी स्वतःच्या खरचटण्याचा दावा केला तर त्यांच्या वाट्याची चूक त्यांच्या रकमेतून वजा होईल. तुमच्या रकमेतून होऊ नये.

म्हणूनच “चूक आपलीही होती” या त्यांच्या वाक्यातला ‘आपली’ मला खटकला. चूक त्यांची असेल, तुमची नाही. माझ्या पाहण्यात असं फार वेळा येतं. बाई मागच्या सीटवर असते, तिचं हाड मोडतं, आणि नवऱ्याला वाटणाऱ्या अपराधीपणापायी तिचा हक्क सोडून दिला जातो. यजमानांचा प्रामाणिकपणा मोठा आहे, तो त्यांनी सोडू नये. साक्षीची वेळ आली तर इंडिकेटर दिला होता असं खोटं सांगू नये. उलटतपासणीत एक खोटं पकडलं गेलं की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. खरं सांगूनही तुमचा दावा टिकतो, मग खोट्याची गरजच काय?

हेल्मेटचं म्हणाल, तर मागे बसणाऱ्यानंही हेल्मेट घालायचं असा कायदा आहे आणि ते घालायलाच हवं होतं. पण तुमचं मनगट मोडलं आहे. हेल्मेटनं मनगट वाचलं नसतं. नियम मोडला एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. २०२० साली मोहम्मद सिद्दीकी खटल्यात मोटरसायकलवर तिघं बसले होते, तिथंही सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व लावलं. विमा कंपनीचे वकील हा मुद्दा काढतील, तेव्हा घाबरून जाऊ नका.

आता तो स्टॅम्प पेपर. त्यावर सही कुणाची आहे? यजमानांची. तुम्ही तेव्हा भूल देऊन आत झोपला होता. तुम्ही सज्ञान आहात, हात तुमचा मोडला आहे, दावा तुमचा आहे. तुमच्या वतीनं तो सोडून द्यायचा अधिकार तुम्ही कुणालाही दिलेला नव्हता, नवऱ्यालाही नाही. त्या कागदानं न्यायाधिकरणाचं दार तुम्हाला बंद होत नाही. मात्र २०,००० रुपये मिळाले ही गोष्ट अर्जात उघडपणे लिहा. ते फार तर मिळणाऱ्या रकमेतून वळते होतील. लपवलेत आणि समोरच्यानं तो कागद काढून दाखवला, तर विनाकारण तुमच्याकडे संशयानं बघितलं जाईल. कागदाची प्रत तुमच्याकडे नसेल तर यजमानांना आठवून लिहून ठेवायला सांगा: तारीख, कुठं बसून लिहिलं, साक्षीदार कोण होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, माणूस आत टेबलावर असताना असे कागद करून घ्यायची पद्धत मला मनापासून चुकीची वाटते. समोरचा मालक चांगला असेलही. पण त्या घडीला तुमच्या यजमानांना डिपॉझिट भरायची काळजी होती. चार महिन्यांनी हाताला जोर येणार नाही हे डॉक्टरांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. मग किती रकमेवर पाणी सोडतोय हे सही करणाऱ्याला कसं ठाऊक असणार?

टेम्पोमालकाबद्दल तुमच्या मनात जो संकोच आहे, तो मला कळतो. पण टेम्पोचा विमा चालू असेल तर पैसे त्याच्या खिशातून जाणार नाहीत. प्रत्येक गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे तो याचसाठी. त्यानं वर्षानुवर्षं हप्ता भरला तो तुमच्यासारख्या माणसाला भरपाई मिळावी म्हणूनच. यजमानांच्या मोबाईलमध्ये टेम्पोचा फोटो किंवा नंबर असेल तर एम-परिवहन ॲपवर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी कधीपर्यंत आहे हे दिसतं. आज रात्रीच बघा, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. अपघाताच्या दिवशी विमा चालू असेल, तर चालकाकडे योग्य लायसन नव्हतं अशा प्रकरणांतही न्यायाधिकरण बहुतेकदा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. पण विमाच संपलेला असेल, तर सगळा बोजा मालकावर येतो. तेव्हा निकाल तुमच्या बाजूनं लागूनही वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खेटे घालावे लागतात, आणि मालकाकडे काहीच नसेल तर हाती फारसं लागत नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ‘तुमची केस मजबूत आहे’ एवढंच सांगणारे पुष्कळ भेटतील.

तुमच्या मोटरसायकलचा विमाही काढून बघा. नुसता थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्याला त्यातून सहसा काही मिळत नाही. पूर्ण, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर त्या कंपनीलाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे त्यांच्यापैकी एक, करायचं का ते वकील ठरवतील. त्यासाठी यजमानांचं नाव अर्जात सामनेवाले म्हणून येईल. नवऱ्याविरुद्ध केस केली असं घरात कुणी म्हणालं, तर ती विम्यासाठीची रीत आहे हे समजावून सांगा.

सगळ्यात नाजूक जागा आहे ती पोलिसांच्या कागदाची. गुन्हा दाखल नाही म्हणून दावा होत नाही असं नाही. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. अमुक घडल्याची शक्यता जास्त आहे एवढं पटलं की पुरतं. फिर्याद उशिरा दिली एवढ्यावरून दावा खोटा ठरवू नये, जखमी माणसाचे नातेवाईक आधी दवाखान्यात धावतात, पोलीस ठाण्यात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण खटल्यात म्हटलेलं आहे. पण व्यवहारात बघितलं, तर फिर्याद नसली की विमा कंपनीचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा टेम्पो अपघातात होताच कशावरून, नंतर विमा असलेली गाडी शोधून घुसडली नाही कशावरून? तुमच्याकडे याला उत्तर आहे. तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा रस्ता अपघात म्हणून एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद झाली असणार आणि पोलीस चौकीला कळवलं गेलं असणार. यजमानांचा जबाब पोलिसांकडे आहे, त्यात टेम्पोचा नंबर असेल. मालकानं करून घेतलेला तो स्टॅम्प पेपरसुद्धा त्याचाच टेम्पो होता याचा पुरावा आहे. ज्या कागदाची तुम्हाला भीती वाटत होती, तोच इथं तुमच्या कामी येतो.

तरीही फिर्याद द्या. तुमच्या नावानं, तुमच्या शब्दांत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस थेट तपास सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची) फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ती नंतर हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग होते. म्हणजे त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यात जायची सक्ती नाही. चार महिने उशीर का झाला ते सरळ लिहा: ऑपरेशन झालं, यजमानांनी गैरसमजातून तक्रार नाही म्हणून सांगितलं, माझा जबाब कुणी घेतलाच नाही. ठाण्यात घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. गुन्हा दाखल झाला की अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवणं पोलिसांचं काम आहे, २०२२ च्या नियमांत ते सांगितलेलं आहे. त्या अहवालात घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांचे कागद, विमा सगळं येतं. यात एक गोष्ट यजमानांनाही माहीत असू द्या: तपासात त्यांचीही चूक दिसली तर पोलीस तसं नोंदवू शकतात. ती तयारी ठेवूनच फिर्याद द्यायची.

आता नुकसान. इथं मला जरा थांबायचंय, कारण तुमच्या पत्रात ही गोष्ट एका ओळीत उरकली आहे आणि दाव्याचा खरा जीव तिथंच आहे.

डॉक्टर तुम्हाला अपंगत्वाचा दाखला देतील तेव्हा त्यावर टक्केवारी असेल, समजा १२ किंवा १५ टक्के. ही टक्केवारी हाताची असते, कामाची नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा निकाल याच मुद्द्यावर आहे. त्यात दिलेलं उदाहरण असं की, डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर असलेल्या माणसाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, पण सरकारी नोकरीतल्या कारकुनाची नोकरी तशीच राहू शकते. इजा एकच, नुकसान वेगळं. आणि म्हणून न्यायाधिकरणानं विचारायचं असतं ते हे की, या माणसाला आपलं काम आता किती करता येतं?

तुमचं काम म्हणजे कणीक तिंबणं. त्याला तळहाताच्या टाचेनं, मनगट मागे वाकवून, सगळा भार टाकावा लागतो. लाटण्यावर जोर द्यायचा, पोळी फिरवत राहायची, गरम तवा किंवा भरलेलं पातेलं एका हातानं उतरवायचं, डब्याची घट्ट कडी लावायची. हे सगळं उजव्या मनगटाचं काम आहे. बँकेत बसणाऱ्या बाईचं हेच मनगट मोडलं असतं तर तिचा पगार चालू राहिला असता. तुमची चूल थांबते. हे न्यायाधिकरणापुढं शब्दांत आलं पाहिजे, आणि त्याआधी डॉक्टरांच्या कागदावर आलं पाहिजे. पुढच्या वेळी तपासायला जाल तेव्हा नुसतं ‘दुखतंय’ म्हणून येऊ नका. तळवा वर करून ताट धरता येतं का, टॉवेल पिळता येतो का, मनगट किती अंश वाकतं, मुठीची पकड डाव्या हाताच्या तुलनेत किती, हे मोजून केसपेपरवर लिहायला सांगा आणि तुमचा व्यवसाय काय तेही लिहून घ्या. अपंगत्वाचा दाखला हाड पूर्ण जुळून उपचार स्थिरावल्यावर घ्यायचा असतो, तो सिव्हिल हॉस्पिटलमधूनही मिळतो. पण दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. अर्ज आधी दाखल होतो, दाखला पुराव्याच्या वेळी आला तरी चालतो. फक्त दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागेल, ते येतील ना एवढं विचारून ठेवा.

कमाईचा पुरावा काय, माझ्याकडे तर पगारपत्रक नाही, असं तुम्ही म्हणाल. गिरणीचं आणि किराण्याचं खातं आहे ना? गॅसच्या सिलिंडरच्या पावत्या? मुलांनी फोनवरून पाठवलेले पैसे बँकेच्या उताऱ्यात दिसतात. डब्यांची वही असेल, व्हॉट्सॲपवर ‘ताई, आज दोन पोळ्या जास्त’ असे निरोप असतील. अपघाताआधीचं वर्ष आणि नंतरचे चार महिने शेजारी ठेवले की फरक आपोआप दिसतो. दोन गिऱ्हाइकं साक्षीला आली तर उत्तमच. पोळ्यांना लावलेल्या बाईला जे ५,००० देता, ते आजपासून फोनवरून द्या किंवा व्हाउचरवर सही घ्या. तो तुमच्या नुकसानीचा सर्वांत थेट पुरावा आहे. आणि समजा तुम्ही डबे करत नसता, घर आणि मुलंच सांभाळत असता, तरीही गृहिणीच्या कामाचं मोल धरून भरपाई ठरवावी असं न्यायालयांनी वारंवार सांगितलेलं आहे. ‘बाई घरीच असते’ हे कारण चालत नाही.

रकमेचा अंदाज यावा म्हणून नुसतं उदाहरण देते, हे आश्वासन समजू नका. महिना १२,००० सिद्ध झाले. स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० च्या आत असेल तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, ते झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. ही वर्षाची रक्कम किती पटीनं धरायची ते वयावरून ठरतं, त्याला गुणक म्हणतात. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६ आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालापासून हा तक्ता देशभर वापरतात. गुणाकार ३२,२५,६०० येतो. कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणाला पटलं तर यातले ६,४५,१२० रुपये. ही झाली एकच बाब. उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्याच्या खेपांचं भाडं, सोबतीला राहिलेल्या माणसाचा वेळ, पुढे प्लेट काढायची वेळ आली तर तो खर्च, आणि सोसलेलं दुखणं, हे वेगळं. उलट टक्केवारी ५ च मानली, किंवा १२,००० ऐवजी ८,००० च पटले, तर आकडा झपाट्यानं खाली येतो. कागद जमवा असं मी पुन्हा पुन्हा म्हणते ते यासाठी.

मेडिक्लेमनं बिल भरलं म्हणून तो खर्च मागता येणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मेडिक्लेमचे पैसे हप्ता भरून केलेल्या वेगळ्या कराराचे असतात, अपघात करणाऱ्याला त्याचा फायदा देऊन भरपाईतून ते वजा करता येणार नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दिला आहे. बिलांच्या मूळ प्रती कंपनीकडे गेल्या असतील, तर दवाखान्यातून शिक्का मारलेल्या प्रती काढून घ्या.

एक आडवाट आहे, तीही ठाऊक असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरावीक मिळतात, आणि हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापतच आहे. विमा कंपनीचा माणूस हा प्रस्ताव घेऊन येऊ शकतो. रक्कम लवकर मिळते म्हणून मोह होतो. पण ती स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा, म्हणजे वर सांगितलेला न्यायाधिकरणातला अर्ज, संपतो. टेम्पोवाल्याची चूक दाखवणं खरोखरच जमणार नाही असं वकिलांचं मत पडलं, तरच त्या वाटेनं जा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात, त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. आणि समोर गाडीच नव्हती, खड्ड्यात आदळून पडलात, तर मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या इजेसाठी ५०,००० ते अडीच लाख आणि मृत्यूसाठी ६ लाख भरपाई द्यायला सांगितलं आहे. कुणाचीच हयगय नसताना आपलीच गाडी घसरली, तर मात्र दुसऱ्याकडे मागण्यासारखं काही राहत नाही, मग स्वतःच्या पॉलिसीतला वैयक्तिक अपघात विमा तेवढा बघायचा.

सासूबाईंची भीती खोटी नाही. कोर्टात तारखा पडतात, वर्ष-दोन वर्षं सहज जातात. पण ती म्हण ज्या भांडणांवरून पडली, ती भाऊबंदकीची आणि बांधाची भांडणं. हा दावा तसा नाही. अर्ज कोल्हापूरलाच करावा लागतो असंही नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणात तो करता येतो. तुम्हाला स्वतःला मुख्यतः प्रतिज्ञापत्र आणि उलटतपासणीच्या वेळी हजर राहावं लागतं, बाकी तारखा वकील बघतात. अर्ज केल्यापासून रकमेवर व्याजही साधारणतः मिळतं. मध्ये लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. आकडा पटला तर घ्या, नाही पटला तर नाही म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. फक्त तिथं एकदा सही झाली की अपील नाही.

वकील निवडताना, ‘फी काही नको, मिळेल त्यातले अमुक टक्के द्या’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. जो पहिलाच नियम मोडतो, तो तुमचे कोरे कागद सही करून मागायलाही कचरणार नाही. दवाखान्याच्या दारात कार्ड वाटणारे एजंट तर लांबच ठेवा. आणि फीचे पैसे नाहीत म्हणून थांबायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. १५१०० या नंबरवर फोन केलात तरी कुठं जायचं ते सांगतात.

जाताना डिस्चार्ज कार्ड, पहिले आणि आत्ताचे एक्स-रे, बिलं, दोन्ही गाड्यांचे नंबर, तुमचं आधार, वयाचा पुरावा, डब्यांची वही आणि बँकेचा सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांचा उतारा न्या. यजमानांना सोबत न्या. अपघात कसा झाला ते त्यांना वकिलांसमोर एकदा, इंडिकेटरसकट, पूर्ण सांगू द्या. आणि गणपतीच्या गडबडीत हे मागे पडू देऊ नका. ऑगस्ट संपायच्या आत फिर्याद, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज.